डोळा लाल आहे पण 'डोळे आले' नाहीत म्हणतात. आयरायटिस म्हणजे काय आणि त्यासाठी कमरेचा एक्सरे कशाला?

शेवंती_साखळी
नमस्कार सगळ्यांना, गोव्यातल्या साखळीहून लिहितेय. मिस्टरांच्या डोळ्याबद्दल विचारायचं आहे. वय ३४, बाकी धडधाकट, शुगर बीपी काही नाही. चवथीच्या तोंडावर उजवा डोळा लाल झाला. घरात सगळ्यांनी धरून चाललं की डोळे आले, पावसात कुणाचे ना कुणाचे येतातच, म्हणून टॉवेल उशी वेगळी केली, मुलाला जवळ जाऊ दिलं नाही. पण चिपडं अजिबात नव्हती, सकाळी पापण्या चिकटत नव्हत्या, खाज पण नाही. नुसतं पाणी आणि आतून ठणका, तो भुवईपर्यंत चढायचा. उजेड तर मुळीच सहन होईना, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना मोठा दिवा लावला तर हे भिंतीकडे तोंड करून बसले. आणि उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्यावर उजेड पडला तरी दुखायचं उजव्यातच, हे मला तेव्हा काही कळलंच नाही.

फार्मसीतून ड्रॉप्स आणले, तो म्हणाला सगळ्यांना हेच देतोय. घातल्यावर लाली उतरली, थांबवल्यावर परत आली आणि या वेळी धुकं असल्यासारखं दिसायला लागलं. मग म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. हनुवटी टेकवायच्या मशीनवर बघून त्या म्हणाल्या आयरायटिस आहे, युव्हायटिसचा प्रकार, डोळ्याच्या आतली सूज, कुणाला लागत नाही. गेल्या वर्षी पण असंच होऊन आपोआप गेलं होतं ते डावीकडे, ते सांगितल्यावर मात्र त्या थांबल्या आणि भलतंच विचारायला लागल्या, सकाळी उठल्यावर कंबर आखडते का, तोंडात फोड येतात का, मध्ये मोठा ताप येऊन गेला का, शेतात उतरता का. हे म्हणाले कंबर दुखते पण ती बाइकमुळे, रोज साखळी ते वेर्णा जातात. तर त्यांनी एचएलए बी२७ म्हणून रक्ताची टेस्ट, मॅन्टू, छातीचा एक्सरे आणि कमरेचा एक्सरे असं सगळं लिहून दिलं. औषध म्हणून प्रेडनिसोलोनचे ड्रॉप्स जागेपणी दर तासाला आणि होमॅट्रोपिनचे दिवसातून तीनदा.

आता लाली जवळजवळ गेलीय, ठणका नाही, आणि हे म्हणतात ड्रॉप्स स्टेरॉइडचे आहेत तर बंद करूया, उगाच डोळा खराब होईल. दुसरं म्हणजे औषध घातल्यापासून उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झालीय आणि गोल नाहीये, खालच्या बाजूला खाच पडल्यासारखी दिसते, मी टॉर्चने बघितलं. सासूबाई म्हणतात 'दिश्ट लागल्या', शेजारच्या काकी म्हणतात मध घाला नाहीतर बाळंतिणीचं दूध घाला. मी काही घातलेलं नाही. पण डोळ्यासाठी कमरेचा एक्सरे हे माझ्या डोक्यात बसत नाही. कुणाला असं झालंय का? गोमेकॉला, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, दाखवावं का?

फोंड्याचा_नंदन
ताई, मला झालंय, आणि तुमच्या डॉक्टरांनी पाठीचं विचारलं हे वाचून बरं वाटलं, कारण माझ्या बाबतीत ते खूप उशिरा कुणीतरी विचारलं. मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. म्हणजे कण्याचा आणि कमरेखालच्या सांध्यांचा सुजेचा आजार, त्यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उठते. आणि तीच सूज डोळ्यात पण येते. कॉलेजात असल्यापासून माझी कंबर दुखायची, मला सगळे गादी बदल, बाइक सोड, वजन उचलू नको हेच सांगत आले. डोळा लाल होऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्याने पाठीचं विचारलं आणि तिथून आजाराचं नाव कळलं.

मिस्टरांना एक विचारा, कंबर कधी दुखते. बाइक चालवून, दिवसभर काम करून संध्याकाळी दुखते आणि आडवं झालं की बरं वाटतं, तर ते स्नायूंचं असू शकतं. पण झोपून उठल्यावर जास्त आखडते, अर्धा पाऊण तास हालचाल केल्यावर सुटते, पहाटे दुखण्याने जाग येते, कधी या कुल्ल्यात तर कधी त्या कुल्ल्यात कळ, टाच सकाळी टेकवत नाही, आणि हे सगळं चाळिशीच्या आधी सुरू होऊन महिनोनमहिने चाललंय, तर ते वेगळं. विश्रांतीने वाढतं आणि चालण्याने कमी होतं, हीच त्याची खूण. बाइकमुळे दुखतंय असं मी पण म्हणायचो कारण दुसरं काही कारण दिसायचंच नाही.

आणि कमरेचा एक्सरे नॉर्मल आला म्हणून फाइल बंद करू नका. एक्सरेत दिसायला कित्येक वर्षं लागतात, सुरुवातीची सूज एमआरआयमध्ये दिसते. संधिवाताच्या डॉक्टरना दाखवा, हाडांच्या नाही, हे आवर्जून सांगतो. माझं आता गोळ्या, रोजचा व्यायाम आणि पोहणं यावर बरं चाललंय, पाऊस सोडला की मिरामारला चालतो. डोळ्यातली सूज मधूनमधून येते पण आता मला तिचा पहिला दिवस ओळखता येतो, लाल व्हायच्या आधीच उजेड टोचतो, मग मी त्याच दिवशी डॉक्टर गाठतो आणि लवकर आटोक्यात येतं.

औषधवाला_म्हापसा
माझं औषधाचं दुकान आहे, बरीच वर्षं काउंटरवर उभा आहे म्हणून ड्रॉप्सपुरतं बोलतो, आजाराचं डॉक्टर लोक सांगतील.

शेवंतीताई, तुम्हाला आधी दिलेल्या ड्रॉप्सचा खोका बघा. त्यावर अँटिबायोटिकच्या नावाबरोबर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन यातलं काही लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. माझा अंदाज ते तसंच होतं. थोडं स्टेरॉइड मिळालं म्हणून लाली उतरली आणि आत सूज राहिली म्हणून परत आली. हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. गिऱ्हाईक उभं राहून म्हणतं काहीतरी स्ट्राँग द्या, मी नाही म्हणालो तर तो पुढच्या दुकानात जातो, हे मला माहीत आहे, तरीसुद्धा देऊ नये असं माझं ठाम मत आहे. कारण लाल डोळ्यात काय आहे ते काउंटरवरून दिसत नाही. भात मळताना कूस उडून डोळ्यात गेलं, झावळ लागली, अशा डोळ्याला बुरशीची जखम होऊ शकते, नागिणीच्या जातीच्या विषाणूची जखम होऊ शकते, त्यावर नुसतं स्टेरॉइड घातलं तर दोन दिवस बरं वाटतं आणि आत जखम खोल जाते. डोळे गेलेले आहेत त्याने.

पण तुमच्या मिस्टरांना डॉक्टरांनी मशीनवर तपासून दिलंय, ती गोष्ट वेगळी. ते घाला. आणि नीट घाला. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का असं लिहिलंय ना, ते दुधी पांढरं असतं, औषध तळाला बसतं. न हलवता घातलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं आणि लोक म्हणतात तासाला घालून पण गुण नाही. प्रत्येक वेळी चांगलं हलवायचं. खालची पापणी ओढून एकच थेंब, डोळ्यात तेवढाच मावतो, दुसरा गालावर. मग डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा म्हणजे औषध नाकावाटे घशात उतरत नाही. दुसरा ड्रॉप पाच एक मिनिटांनी. बाटलीचं तोंड पापणीला लावायचं नाही. आणि फोडल्यावर महिन्याभराने उरलं तरी टाकून द्यायचं, पुढच्या वर्षी कुणाचा डोळा लाल झाला म्हणून फ्रिजमधली तीच बाटली काढायची नाही. घराघरात हे चालतं.

कुळागरातली_माई
बाय, मध नको आणि दूध पण नको. मी वाळपईकडची, आमच्याकडे पण पूर्वी घालायचे. बाळंतिणीच्या दुधाने आतली सूज कशी जाणार, आणि उघडं दूध डोळ्यात गेलं तर जंतू वेगळे. आमच्या वाड्यावर एकीने मारुतीला वाहायच्या रुईच्या माळा करताना चिकाचा हात डोळ्याला लावला, दुखलं फारसं नाही पण दुसऱ्या दिवशी सगळं धुरकट, गोमेकॉत न्यावं लागलं. झाडपाल्याचं मी बाकी बरंच मानते पण डोळ्यात नाही.

मला एक विचारायचंय. डॉक्टरांनी ताप आला होता का, शेतात उतरता का असं विचारलं ना, ते लेप्टोसाठी असेल का? आमच्याकडे पावसात उंदरांच्या मुतामुळे होणारा तो ताप दर वर्षी कुणाला ना कुणाला होतो. माझ्या पुतण्याला झाला होता, बरा झाला, आणि नंतर कधीतरी दोन्ही डोळे लाल. त्याचा आणि तापाचा संबंध आम्ही लावलाच नाही.

बुबुळ_आणि_बाहुली
मी डोळ्यांची डॉक्टर आहे, उत्तर गोव्यात काम करते. पेशंट न बघता औषध सांगता येत नाही, ते मी करणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते का केलं ते सांगते, कारण कारण कळलं की लोक औषध मध्येच सोडत नाहीत.

आधी आजार. डोळे येतात तेव्हा सूज वरवर असते, पांढऱ्या भागावरच्या पातळ पारदर्शक अस्तराला. म्हणून चिपडं, खाज, चुरचुर, पापण्या चिकटणं, आणि नजर बहुतेक वेळा ठीक. २०२३ च्या पावसाळ्यात देशभर साथ आली होती ती हीच. आयरायटिसमध्ये सूज आत असते. बुबुळाचा जो रंगीत पडदा, त्याला आम्ही आयरिस म्हणतो, त्याच्या मागे सिलियरी बॉडी, आणि डोळ्याच्या मागच्या बाजूला कोरॉइड, हे तिन्ही मिळून एकच थर, रक्तवाहिन्यांनी भरलेला, त्याचं नाव युव्हिया. त्याची सूज ती युव्हायटिस. पुढच्या भागापुरती असली की आयरायटिस, आणि हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार.

यात लाली बुबुळाच्या कडेभोवती गोल जास्त असते आणि पापणीच्या बाजूला कमी, डोळे आल्यावर बहुतेक वेळा उलट. बाहुली लहान होते. उजेड पडला की आयरिस आकसते, सुजलेली असल्यामुळे दुखते. आणि दोन्ही बाहुल्या एकत्रच हलतात, एकीवर उजेड पडला तरी दुसरी लहान होते. म्हणून डाव्या डोळ्यावरचा उजेड उजव्यात दुखला. तुम्ही हे बारकाईने पाहिलंत, आम्ही तपासताना मुद्दाम करून बघतो.

आता मुख्य मुद्दा, मिस्टरांना वाचून दाखवा. लाली जाणं आणि सूज जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी डोळ्यात आयरिसच्या पुढचं पाणी एकदम नितळ असतं. सूज आली की आयरिसच्या रक्तवाहिन्या झिरपतात, पांढऱ्या पेशी आणि प्रथिनं त्या पाण्यात येतात. स्लिट लॅम्पवर, म्हणजे त्या हनुवटी टेकवायच्या मशीनवर, खोलीत अंधार करून उजेडाची बारीक तिरीप आत सोडली की त्या पेशी तरंगताना दिसतात, कौलातून आलेल्या कवडशात धूळ तरंगते तशा. त्या आम्ही अक्षरशः मोजतो. १ मिलिमीटरच्या तिरपेत १६ ते २५ दिसल्या तर २ प्लस, ५० च्या वर गेल्या तर ४ प्लस. औषध किती वेळा घालायचं हे त्या आकड्यावर ठरतं. आरशात बघून डोळा पांढराफेक दिसत असताना आत १ प्लस असू शकतं, आणि तेव्हा ड्रॉप्स एकदम सोडले तर सूज उसळून परत येते. म्हणून दर तासावरून दोन तासावर, मग दिवसातून सहा, चार, तीन, दोन, एक असं उतरवत आणतात. साधारण चार ते सहा आठवडे जातात, कधी जास्त. फार्मसीच्या ड्रॉप्सनंतर जे झालं ते हेच. अर्धवट विझवलेलं आणि मधेच सोडलेलं.

बाहुलीला खाच दिसते त्याचं कारण, आयरिस सुजलेली असताना तिच्या मागे असलेल्या भिंगाला ती चिकटते. जिथे चिकटलीय तिथे बाहुली उघडत नाही, बाकीकडे उघडते, म्हणून वेडीवाकडी दिसते. होमॅट्रोपिन दिलंय ते याचसाठी. ते बाहुली मोठी ठेवतं म्हणजे नवी चिकटत नाही आणि ताजी चिकटलेली सुटू शकते, शिवाय आतल्या स्नायूचा पेटका जातो म्हणून ठणका थांबतो. सगळी कड चिकटली तर डोळ्यातलं पाणी मागून पुढे यायला वाट राहत नाही आणि प्रेशर चढतं, त्यामुळे हा ड्रॉप कंटाळून बंद करू नका. जवळचं धूसर दिसेल आणि ऊन जास्त टोचेल, तो औषधाचाच परिणाम आहे, थांबवल्यावर एक ते तीन दिवसांत उतरतो. ती खाच मात्र पुढच्या तपासणीत आठवणीने सांगा.

स्टेरॉइडची भीती अगदीच खोटी नाही. जास्त दिवस घातल्यावर काही लोकांचं डोळ्याचं प्रेशर वाढतं, दर तीन माणसांत साधारण एकाचं थोडंफार, आणि मोजक्या लोकांचं बरंच. प्रेशर वाढलेलं माणसाला कळत नाही, दुखत नाही, आणि तसंच राहिलं तर नस खराब होते, तो काचबिंदू. वर्षानुवर्षं घातलं तर मोतीबिंदू पण. पण उपचार न केलेल्या युव्हायटिसने सुद्धा काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो, आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी पाणी साचून नजर जाते. म्हणून औषध सोडणं हा उपाय नाही, प्रत्येक भेटीला प्रेशर मोजून घेणं हा उपाय. १० ते २१ हा साधारण नॉर्मल पट्टा. वाढलंच तर ते उतरवायचे ड्रॉप्स असतात, स्टेरॉइड बदलता येतं.

टेस्टचं असं की पहिल्यांदाच एका डोळ्याला सौम्य सूज आली असेल तर आम्ही फार टेस्ट करत नाही. तुमच्या मिस्टरांना गेल्या वर्षी डावीकडे, या वर्षी उजवीकडे, वय तरुण, कंबर दुखते. अशी बाजू बदलत येणारी, अचानक येणारी सूज म्हटली की एचएलए बी२७ आठवतंच. हा जनुकाचा एक प्रकार आहे, त्याचा पाठीच्या या आजाराशी आणि डोळ्याच्या सुजेशी संबंध १९७३ मध्येच समोर आला. मॅन्टू आणि छातीचा एक्सरे टीबीसाठी. आपल्या देशात टीबी इतका आहे की युव्हायटिसमध्ये तो बघावाच लागतो, फुफ्फुसात काही लक्षण नसताना पण डोळ्यात असू शकतो, आणि पुढे गोळ्या किंवा इंजेक्शनचं स्टेरॉइड द्यायची वेळ आली तर आत झोपलेला टीबी उठू नये हे पण पाहावं लागतं. मॅन्टूची सुई घेतल्यावर ४८ ते ७२ तासांत हात दाखवायला जायचं, पुष्कळ लोक जातच नाहीत आणि टेस्ट फुकट जाते. बऱ्याच वेळा आम्ही सिफिलिसची पण टेस्ट करतो, त्यात कुणाच्या चारित्र्यावर संशय नसतो, तो आजार डोळ्यात कुठलंही सोंग घेऊन येतो म्हणून.

माईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे. लेप्टोचा ताप बरा झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी डोळ्यात सूज येते, पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत. १९९३ मध्ये मदुराईत पूर आल्यानंतर अशा पेशंटांची रांगच लागली होती आणि तिथल्या डॉक्टरांनी तो संबंध नीट मांडला. आपल्याकडे भातशेती, कुळागरं म्हणजे माड-पोफळीच्या बागा, खाजन म्हणजे खाडीकाठची शेतं, उंदीर, सगळं आहे, त्यामुळे डोळ्याला सूज आलेल्या शेतकऱ्याला गेल्या सहा महिन्यांत ताप आला होता का हे मी विचारतेच. औषधाने डोळे बहुतेक वेळा चांगले बरे होतात. पुतण्याला पुन्हा कधी काही वाटलं तर ही गोष्ट डॉक्टरला आपणहून सांगायला सांगा.

गोमेकॉचं म्हणाल तर आत्ता घाई नाही, ज्या डॉक्टर बघतायत त्यांच्याकडेच एका हाती चालू दे, प्रत्येक भेटीच्या पेशींच्या आकड्याची तुलना तेव्हाच होते. पण मध्येच नजर आणखी कमी झाली, डोळ्यासमोर नवे काळे ठिपके जाळ्या दिसायला लागल्या, किंवा डोळा दगडासारखा होऊन डोकं दुखून उलट्या झाल्या, दिव्याभोवती वलयं दिसली, तर रात्र असो रविवार असो, बांबोळीला न्या.

शेवंती_साखळी
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचं उत्तर मी यांना दोनदा वाचून दाखवलं, ड्रॉप्स चालू आहेत, आणि दुकानवाल्या दादांनी सांगितल्यावर बाटली हलवून घालतोय, आधी आम्ही हलवतच नव्हतो, कुणी सांगितलंच नव्हतं. तपासणीला जाऊन आलो. पेशी २ प्लस होत्या त्या अर्ध्यावर आल्या म्हणाल्या, खाच पण सुटली, बाहुली आता गोल. प्रेशर १६.

रिपोर्ट आले. एचएलए बी२७ पॉझिटिव्ह. मॅन्टू आणि छाती नॉर्मल. कमरेच्या एक्सरेत नक्की सांगता येत नाही असं लिहिलंय. आणि नंदनदादा तुम्ही लिहिलं ते विचारलं, तर पहाटे जाग येते आणि उठून ओसरीवर फेऱ्या मारल्या की बरं वाटतं हे त्यांनी आत्ता सांगितलं, इतकी वर्षं माझ्याजवळ पण बोलले नव्हते.

माझा जीव आता मुलात अडकलाय. सहा वर्षांचा आहे. त्याची पण टेस्ट करायची का? आणि यांनी बाइक कधी चालवायची, रजा संपत आलीय.

डिचोलीची_आई
शेवंतीताई, मुलाचं वाचलं म्हणून लिहितेय. घाबरवायचं नाहीये. माझ्या मुलीला लहानपणीचा संधिवात आहे, गुडघा सुजायचा. तिच्या डोळ्यात युव्हायटिस होता आणि डोळा एकदम पांढरा स्वच्छ, लाली नाही, दुखणं नाही, तिने कधी तक्रार केली नाही. संधिवाताच्या डॉक्टरांनी नेमाने डोळे तपासायला पाठवलं म्हणून सापडला. आता मेथोट्रेक्सेट म्हणून सूज दाबायचं औषध चालू आहे आठवड्यातून एकदा, त्यासाठी रक्त तपासत राहावं लागतं, पण शाळा खेळ सगळं नीट चाललंय. ज्या मुलांचे सांधे सुजतात त्यांच्या आईवडिलांनी, मूल काही म्हणत नसलं तरी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची तारीख चुकवू नये.

बुबुळ_आणि_बाहुली
डिचोलीच्या ताईंनी लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे, पण तो प्रकार वेगळा, शेवंतीताई तुमच्या मुलाला सांध्यांची काही तक्रार नाही. बी२७ त्याच्याकडे आलं असण्याची शक्यता निम्मी. पण ते असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात काहीच होत नाही, म्हणून ठणठणीत मुलाची टेस्ट आम्ही करत नाही. पॉझिटिव्ह आलं तर तुम्ही पुढची वीस वर्षं त्याच्या प्रत्येक पाठदुखीला घाबरणार आणि उपाय तर काही करायचा नाही. सांधा सुजला, डोळा लाल झाला, तरुणपणी सकाळी कंबर आखडायला लागली तर दाखवा आणि वडिलांचं सांगा.

मिस्टरांची पहाटेची जाग आणि फेऱ्या हे संधिवाततज्ज्ञांकडे जायला पुरेसं आहे, एक्सरे काहीही म्हणू दे. डोळ्याचे कागद सोबत न्या. ज्यांना हे झटके वारंवार येतात त्यांच्यासाठी गोळ्या आहेत, अ‍ॅडालिमुमॅब सारखी इंजेक्शनं आहेत जी पाठ आणि डोळा दोन्हीला चालतात, एटानरसेप्ट पाठीला चालतं पण डोळ्याला तितकं नाही, त्यामुळे औषध ठरवताना डोळ्याचा इतिहास त्यांना माहीत असायला हवा. आत्ताच काही मोठं लागेल असं नाही, वर्षातून एखादा झटका ड्रॉप्सवर आटोक्यात येत असेल तर तेवढंच पुरतं. सिगारेट ओढत असतील तर सोडायला सांगा, पाठीला आणि डोळ्याला दोन्हीकडे ती नडते.

बाइक होमॅट्रोपिन चालू असेपर्यंत नको. बाहुली मोठी, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा सगळा आत जातो, आणि साखळी वेर्णा रस्त्यावर पहाटे अंधार, पाऊस. तोवर बसने जाऊ देत, काळा चष्मा घालून.

फोंड्याचा_नंदन
ताई, वेर्ण्याला जायला पणजीला बस बदलावी लागेल, पण बसमध्ये सलग बसवून ठेवू नका त्यांना, मध्ये उतरून दोन मिनिटं उभं राहिलं की कंबर सुटते. संधिवाताच्या डॉक्टरकडे जाताना कंबर कधीपासून दुखते, सकाळी किती वेळ आखडते, कुठली गोळी घेतल्यावर बरं वाटतं हे कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर माणूस 'तसं काही विशेष नाही' म्हणून मोकळा होतो. आणि घरात कुणाला सोरायसिस किंवा पोटाचा जुनाट आजार आहे का ते सासूबाईंना विचारून ठेवा, ते पण विचारतात.

शेवंती_साखळी
सोरायसिस सासऱ्यांना होतं! आत्ताच विचारलं. लिहून ठेवते. पुढच्या तपासणीनंतर इथेच कळवते.